सव्वा इंचाचे मुखचित्र : वाचकांचे प्रश्न

या सदराकडे एरवी दिवाळी अंकांची मुखपृष्ठे, लग्नपत्रिका, मसाल्यांची वेष्टने आणि दुकानांच्या पाट्या यांविषयी पत्रे येतात. या महिन्यात मात्र नागपुरातूनच पाच पत्रे अशी आली, की ती लिहिणारे सगळे घरी बसून संगणकावरचे किंवा मोबाइलवरचे छोटे खेळ तयार करतात आणि त्यांची अडचण एकच आहे : ऑनलाइन दुकानात खेळाचे जे चित्र दिसते, ते कसे असावे? पहिले पत्र प्रश्नाच्या मुळाशी जाणारे असल्यामुळे त्याला मी सर्वाधिक जागा दिली आहे. बाकीच्या वाचकांनीही ते उत्तर आधी वाचावे, अशी विनंती आहे.

प्रश्न : ताई, सादर नमस्कार. काटोलजवळ आमच्या मामांची संत्र्याची बाग आहे. तिच्यावरून मी आणि माझ्या बहिणीने एक आयडल गेम तयार केला आहे. खेळणाऱ्याने झाडे लावायची, पाणी तोडून झाडांना ताण द्यायचा, बहार धरायचा आणि मग खेळ सोडून खुशाल आपल्या कामाला लागायचे. परत आल्यावर मधल्या वेळात पिकलेली संत्री पेट्यांत भरून ठेवलेली मिळतात. स्टीम या ऑनलाइन दुकानात आम्ही खेळाचे पान तयार केले आहे. मुखचित्रात मामा, ट्रॅक्टर, बाग, पेट्या, नाण्यांचा ढीग, मागे झीरो माइलचा स्तंभ आणि पुढे एक कापलेले संत्रे आहे. त्यावर 'संत्रानगरीचा राजा : एक निवांत बागायती खेळ' असे नाव दिले आहे. मोठ्या पडद्यावर चित्र सुंदर दिसते, घरच्या सगळ्यांना ते आवडलेही. परंतु दुकानाकडून मिळणाऱ्या आकड्यांवरून असे दिसते, की चित्र पुष्कळ लोकांच्या नजरेसमोर जाते, त्यावर क्लिक मात्र फारच थोडे जण करतात. आमचे काय चुकले? (धरमपेठ)

उत्तर : तुम्ही पाठवलेले चित्र मी आधी मोठ्या पडद्यावर पाहिले आणि मलाही ते आवडले. मामांच्या चेहऱ्यावरचे ऊन चित्रकाराने फार प्रेमाने रंगवले आहे. त्यानंतर तेच चित्र मी स्टीमवर ज्या सर्वांत लहान मापात दिसते, त्या मापाचे करून पाहिले. स्टीमसाठी 'स्मॉल कॅप्सूल' नावाचे जे चित्र द्यावे लागते, ते आता ४६२ बाय १७४ पिक्सेलचे असते. त्यावरून दुकान आपोआप आणखी लहान प्रती काढते आणि त्यांतील सर्वांत धाकटी १२० बाय ४५ पिक्सेलची असते. घरातल्या साध्या संगणकाच्या पडद्यावर हे माप सुमारे सव्वा इंच रुंद आणि जेमतेम अर्धा इंच उंच भरते. त्या सव्वा इंचात तुमचे मामा म्हणजे एक तपकिरी ठिपका झाले होते, ट्रॅक्टर कोणता आणि पेट्या कोणत्या हे कळत नव्हते, झीरो माइलचे घोडे नाहीसे झाले होते आणि नावाच्या जागी केवळ पांढरी रेघ उरली होती. बहुसंख्य ग्राहकांची तुमच्या खेळाशी पहिली भेट याच रेघेशी होते, आणि तीही इतर दहा-बारा खेळांच्या गर्दीत, बोटाने पडदा सरकवता सरकवता.

माझ्या उमेदीच्या काळात मी इतवारीत फलक रंगवणाऱ्या एका उस्तादांकडे काही महिने हाताखाली काम केले. त्यांची एक सवय मी कधी विसरले नाही. पाटीवरचे पहिले अक्षर रंगवून झाले, की ते शिडीवरून उतरत, रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जात आणि ये-जा करणाऱ्या सायकली-रिक्षांच्या मधून पाटीकडे पाहत. शिडीवर बसून अक्षर कितीही देखणे दिसले तरी त्यांच्या लेखी त्याला महत्त्व नव्हते. रस्त्यापलीकडून ते वाचता आले नाही, तर ते तिथल्या तिथे पुसून टाकत. तुमच्या चित्रकाराने आणि तुम्ही ते चित्र शिडीवर बसूनच पाहिले, रस्ता मात्र ओलांडला नाही. म्हणून माझी पहिली सूचना अशी, की यापुढे मुखचित्राचे काम मोठ्या कागदावर न करता त्या सव्वा इंचापासून सुरू करा. तेवढ्या जागेत काय मावते ते आधी ठरवा, आणि मोठ्या मापांत त्यात हळूहळू भर घाला.

सव्वा इंचात नाव आणि एक वस्तू, एवढेच मावते. स्टीमच्याही सूचना अशाच आहेत : लहान कॅप्सूलमध्ये नाव जवळजवळ सगळी जागा व्यापेल एवढे मोठे असावे. तुमचे नाव उपनावासह सहा शब्दांचे आहे आणि ते या जागेत कोणत्याही उपायाने बसणार नाही. 'एक निवांत बागायती खेळ' हे वर्णन खेळाच्या माहितीत लिहा, चित्रातून काढून टाका. उरलेले 'संत्रानगरीचा राजा' हे नावही मला जड वाटते. तुमच्या पत्रात मला त्याहून चांगले नाव सापडले आणि तुम्ही ते सहज लिहून गेला आहात : 'बहार'. तीन अक्षरे आणि एक काना, जोडाक्षर नाही, वर मात्रा नाही, खाली उकार नाही. बागायतदारांच्या रोजच्या बोलण्यातला तो शब्द आहे आणि ज्याने कधी बाग पाहिली नाही त्यालाही त्यातला आनंद समजतो. याच नावाचा दुसरा खेळ दुकानात नाही ना, एवढे मात्र पाहून घ्या.

आता वस्तू कोणती, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्यासाठी आयडल गेमचा आनंद नेमका कशात असतो हे स्वतःला विचारावे लागते. ज्या वाचकांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या खेळांत खेळणाऱ्याला सतत काही करावे लागत नाही. तो लक्ष देत नसतानाही काहीतरी वाढत राहते. २०१३ साली आलेल्या 'कुकी क्लिकर' या खेळाने हा प्रकार घरोघरी पोहोचवला आणि त्याच्या पडद्यावर डाव्या बाजूला नुसते एक भले मोठे बिस्किट आहे. हजारो-लाखो बिस्किटांचा हिशेब चालणाऱ्या खेळाने नजरेसमोर एकच बिस्किट ठेवावे, यातून तुम्हांला पुष्कळ शिकता येईल. बहुतेक नवे लोक उलट करतात : खेळात जे जे वाढते ते सगळे मुखचित्रात भरतात. नाणी, यंत्रे, इमारती आणि बाण यांच्या त्या गर्दीमुळे निवांत खेळाचे चित्रच धावपळीचे दिसू लागते.

माझ्या मते आयडल गेमचा खरा आनंद परत येण्याच्या क्षणात असतो. रात्री खेळ सोडून झोपलो, सकाळी उघडला आणि आपल्या नकळत पेट्या भरून गेलेल्या दिसल्या, हा तो क्षण आहे. बागायतदारालाही तो परिचयाचा आहे. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडले, की काही आठवडे झाड सुकल्यासारखे दिसते आणि मालकाला हात बांधून बसावे लागते. मग पाणी दिल्यानंतर एके दिवशी अख्खी बाग पांढऱ्या फुलांनी भरून जाते. म्हणून मामांना ट्रॅक्टरवर बसवण्याऐवजी बाजेवर झोपवा. पहाटेची वेळ असू द्या, उशाशी एक पेटी असू द्या आणि ती संत्र्यांनी इतकी ओसंडलेली असू द्या, की दोन संत्री बाजेखाली घरंगळली आहेत. हे दृश्य स्टीमच्या १२३२ बाय ७०६ च्या मुख्य कॅप्सूलमध्ये पूर्ण दाखवा. ९२० बाय ४३० च्या हेडरमध्ये, म्हणजे खेळाच्या पानाच्या माथ्यावरच्या चित्रात, मामांचा झोपलेला चेहरा आणि पेटी एवढेच राहू द्या. सर्वांत लहान चित्रात मामाही नकोत, फक्त एक संत्रे आणि 'बहार'. एकच चित्र कापून सगळीकडे बसवू नका, प्रत्येक मापासाठी मांडणी नव्याने करा. ७४८ बाय ८९६ ची उभी कॅप्सूल करताना हे विशेष जाणवेल, कारण आडवी बाज उभ्या चौकटीत बसत नाही. तिथे बाज बाजूला ठेवून एकावर एक रचलेल्या पेट्या दाखवाव्या लागतील.

रंगांविषयी दोन गोष्टी सांगते. तुमच्या चित्रात नारिंगी संत्री हिरव्या पानांत आहेत. बागेत हे दृश्य मोहक दिसते, परंतु चित्र करड्या रंगात बदलून पाहिले, तर तुम्ही वापरलेला नारिंगी आणि हिरवा हे दोन्ही जवळजवळ एकाच उजेडाचे निघतात आणि फळ पानांत विरघळून जाते. ज्यांना लाल-हिरवा भेद नीट दिसत नाही, अशा लोकांना तर ते रंगीत असतानाही विरघळलेलेच दिसेल. नारिंगीला खरा उठाव निळ्यावर मिळतो. मग रात्रीचे गडद निळे आकाश घ्यावे, असे मनात येईल आणि झोपेच्या कल्पनेशीही ते जुळेल. पण स्टीमच्या पानाची पार्श्वभूमी स्वतःच गडद निळसर आहे आणि त्यावर गडद निळे चित्र ठेवले तर त्याच्या कडाच दिसणार नाहीत. मी पहाट सुचवली ती त्यासाठीसुद्धा. सूर्योदयापूर्वीचा फिकट निळा-जांभळा रंग स्टीमच्या पानावर वेगळा उठून दिसेल, नारिंगीलाही साथ देईल आणि खेळणाऱ्याच्या परतीची वेळही सांगेल.

शेवटी त्या कापलेल्या संत्र्याविषयी, कारण नागपूरकर म्हणून ते मला खटकले. चित्रातले फळ घट्ट सालीचे, चेंडूसारखे गोल आहे आणि आडवे कापून त्याच्या चकतीवर चाकाच्या आऱ्यांसारख्या फोडी दाखवल्या आहेत. हा माल्टा आहे. आपले संत्रे सैल सालीचे असते, देठाशी किंचित उचललेले असते, दाबले तर सालीखाली पोकळी जाणवते आणि ते कापण्याची गरज कोणालाच पडत नाही. अंगठ्याने साल सोलली की फोडी आपोआप सुट्या होतात. अर्धी साल उघडलेले, एक फोड बाहेर डोकावणारे संत्रे काढा. माल्ट्याची चकती फळांच्या रसाच्या प्रत्येक डब्यावर आहे, त्यामुळे तुमचे चित्र त्या डब्यांत मिसळून जाते. देठाशी उचललेले सैल सालीचे फळ मात्र दुकानातल्या दुसऱ्या कोणत्याही चित्रात सहसा आढळणार नाही. चित्रकाराला इंटरनेटवरचे नमुने पाठवू नका. हंगामात कळमन्याच्या बाजारातून डझनभर संत्री आणून त्यांच्यासमोर ठेवा.

प्रश्न : ताई, माझा खेळ मराठीत आणि इंग्रजीत असा दोन्ही भाषांत आहे. मुखचित्रावर नाव देवनागरीत असावे की रोमनमध्ये, की दोन्हींत? देवनागरी लहान आकारात वाचता येत नाही, असे मित्र सांगतात. (महाल)

उत्तर : तुमच्या मित्रांचे म्हणणे अर्धे खरे आहे. रोमन मोठ्या अक्षरांना वर-खाली काही लागत नाही. चौकट जेवढी उंच, जवळजवळ तेवढेच उंच अक्षर काढता येते. देवनागरीत वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार यांना शिरोरेषेच्या वर जागा द्यावी लागते, उकार व पायमोडी जोडाक्षरे यांना खाली. त्यामुळे ४५ पिक्सेल उंचीच्या चित्रात अक्षराच्या मुख्य अंगाला निम्मीच जागा उरते. त्यातच शिरोरेषा जाड असली, तर सगळी अक्षरे एका काळ्या पट्टीला लटकल्यासारखी दिसतात आणि 'घ' व 'ध', 'भ' व 'म' यांतील फरक पुसला जातो.

यावर उपाय आपल्या पाटी रंगवणाऱ्यांनी फार पूर्वीच शोधून ठेवले आहेत. वर उल्लेखिलेले उस्ताद शिरोरेषा अक्षराच्या दांड्यापेक्षा नेहमी बारीक ठेवत आणि 'घ-ध', 'भ-म' यांच्या जागी ती मुद्दाम तोडत. वेलांटी ते उंच नेण्याऐवजी आडवी पसरवत, त्यामुळे अक्षराला जागा मिळे. तुम्ही तयार फॉन्ट वापरणार असाल, तर तो सव्वा इंचात तपासल्याशिवाय पसंत करू नका. 'मोदक' हा फॉन्ट मोठ्या आकारात अतिशय गोंडस दिसतो, पण त्याच्या अक्षरांच्या पोटातील पोकळ्या केसासारख्या बारीक आहेत आणि लहान आकारात त्या बुजून जातात. 'बलू' त्या मानाने मोकळा आहे. हे दोन्ही फॉन्ट मुक्त परवान्याखाली मिळतात, त्यामुळे विक्रीच्या खेळात ते वापरता येतात. तरीही नाव तीन-चार अक्षरांचे असेल, तर फॉन्ट बाजूला ठेवून सुलेखन करणाऱ्या एखाद्या व्यक्तीकडून ते हाताने काढून घ्यावे, असा माझा आग्रह राहील, कारण 'हा खेळ मराठी आहे' हे सांगण्याचा तोच सर्वांत छोटा मार्ग आहे.

दोन्ही लिप्या एकाच लहान चित्रात मात्र घालू नका. निम्म्या जागेत दोन्ही अपुऱ्या पडतात. गूगल प्लेवर मराठी आणि इंग्रजी पानांसाठी चित्रे वेगवेगळी देता येतात. तिथे मराठी पानाला देवनागरी आणि इंग्रजी पानाला रोमन असे सरळ विभागून टाका. स्टीमसारख्या जगभर पसरलेल्या दुकानात मूळ चित्रावर रोमन नाव ठेवावे, कारण तिथे तुमचे नाव लोकांना टंकून शोधायचे असते आणि जे वाचता येत नाही ते शोधताही येत नाही. हे लिहिताना मला थोडे वाईट वाटते. म्हणून एक वाट सुचवते : मुख्य कॅप्सूलच्या मोठ्या चित्रात, पेटीच्या फळीवर, शिक्क्यासारखे ते नाव देवनागरीत रंगवा. कळमन्याला येणाऱ्या पेट्यांवर बागायतदारांची नावे असतात, त्यामुळे ते तिथे शोभेल आणि नावाची जागाही अडवणार नाही.

प्रश्न : आमच्या खेळाच्या मुखचित्रात बैल आहे. आम्हांला पोळा, मारबत आणि दिवाळीच्या निमित्ताने ते बदलायचे आहे व त्यावर सवलतीचा मजकूरही टाकायचा आहे. चालेल का? (इतवारी)

उत्तर : सवलतीचा मजकूर चालणार नाही. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमचा नियम असा आहे, की कायमच्या कॅप्सूलवर खेळाचे चित्र, नाव आणि अधिकृत उपनाव यांशिवाय काहीही नसावे. पुरस्कारांची चिन्हे, परीक्षणांतील गुण, सवलत किंवा दुसऱ्या खेळाची जाहिरात यांना मनाई आहे. गूगल प्लेही खेळाच्या चिन्हावर 'क्रमांक एक', 'मोफत' अशी लेबले लावू देत नाही. खेळात सणाचे काही नवे खरोखरच आणले असेल, तर स्टीमवर तात्पुरते चित्र लावण्याची वेगळी सोय आहे आणि तिची मुदत जास्तीत जास्त महिनाभर असते. तिचा उपयोग जरूर करा, पण मूळ वस्तू आणि तिची जागा कायम ठेवा. काळ्या-पिवळ्या मारबतीचे चित्र कितीही आकर्षक असले, तरी ज्याने महिनाभरापूर्वी तुमच्या चित्रातला बैल लक्षात ठेवला आहे, त्याला तो बैलच सापडला पाहिजे. बैलाच्या शिंगांना बेगड आणि पाठीवर झूल, एवढे पुरे आहे.

प्रश्न : ताई, एका चित्रकार मैत्रिणीकडून मी खेळाचे मुखचित्र करून घेत आहे. पैसे ठरले आहेत, मात्र लेखी काहीच नाही. ओळखीत कागद मागणे बरे दिसत नाही. तुमचा सल्ला काय? (प्रतापनगर)

उत्तर : कागद करा, आणि तो तिच्यासाठीही करा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सही केलेले असावे लागते. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर ते हक्क फक्त भारतापुरते धरले जातात. तुमचा खेळ पहिल्याच दिवसापासून जगभर विकला जाणार आहे आणि आयडल गेम पाच वर्षांहून अधिक काळ खेळले जातात. म्हणजे मैत्रीखातर मोघम लिहिलेल्या दोन ओळी तुम्हां दोघींनाही उद्या अडचणीत आणू शकतात. 'संपूर्ण जग' हे शब्द, मुदत, मोबदल्याची रक्कम व हप्ते, चित्र किती वेळा बदलून द्यायचे, आणि खेळाच्या पोस्टर-टीशर्टवर ते चित्र वापरल्यास वेगळे पैसे द्यायचे की नाही, हे सगळे लिहा. खेळाच्या श्रेयनामावलीत तिचे नाव द्या आणि तेही त्या कागदात नमूद करा.

याबरोबर एक व्यावहारिक गोष्ट सांगते. तिच्याकडून तयार चित्राबरोबर थरांसह मूळ फाइल मागून घ्या, म्हणजे पार्श्वभूमी, मुख्य वस्तू, पात्र आणि नाव हे सगळे वेगवेगळ्या थरांवर असतील. काही वर्षांपूर्वी एका छोट्या खेळासाठी मी चित्र केले आणि सगळे थर एकत्र करून पाठवले. लायब्ररीसाठीच्या, म्हणजे ग्राहकाने घेतलेल्या खेळांच्या संग्रहासाठीच्या, ३८४० बाय १२४० च्या रुंद चित्रावर स्टीम नाव चालवून घेत नाही, ते वेगळ्या लोगोच्या रूपात द्यावे लागते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. नावाखालचे आकाश मी कधी रंगवलेच नव्हते. ते रंगवायला मला दोन रात्री जागावे लागले आणि त्या मुलांचे पान आठवडाभर उशिरा लागले. तुमच्या मैत्रिणीला काम सुरू करण्यापूर्वीच सगळ्या मापांची यादी द्या आणि प्रत्येक मापात नाव आहे की नाही हेही लिहून द्या.

प्रश्न : रोपांना पाणी घालून ती वाढवण्याच्या आमच्या मोबाइल गेमसाठी तीन चित्रे तयार आहेत. मित्रांना तिन्ही आवडली. एक मित्र म्हणतो, की चित्रात तलवारबाज आणि खजिना टाका, खेळात नसला तरी लोक क्लिक करतील. निवड कशी करावी? (मानेवाडा)

उत्तर : मित्रांना 'आवडले का?' असे विचारले तर ते होच म्हणतील, कारण त्यांना तुम्ही आवडता. त्याऐवजी दुकानाच्या पानाचे छायाचित्र घ्या, त्यात इतर खेळांच्या मधोमध तुमचे चित्र खऱ्या मापात बसवा, फोन ओळखीच्या नसलेल्या माणसाच्या हातात द्या, दोन सेकंदांनी परत घ्या आणि विचारा : 'काय दिसले? या खेळात काय करायचे असेल?' नागपूरच्या बसथांब्यावर आणि तर्री-पोह्याच्या ठेल्यावर थांबलेली माणसे मोकळेपणाने उत्तर देतात, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. पाच-सहा जणांनी एकच वस्तू सांगितली, तर चित्र तयार आहे. प्रत्येकाने वेगळे काही सांगितले, तर चित्रात गर्दी आहे.

मोबाइलवर लक्षात ठेवा, की शोधयादीत तुमचे चौकोनी चिन्ह प्रथम दिसते, १०२४ बाय ५०० चे रुंद चित्र त्यानंतर. गूगल प्लेला चिन्ह ५१२ बाय ५१२ चे, पूर्ण चौरस द्यायचे असते आणि त्याचे कोपरे दुकान स्वतः गोल करते. म्हणून कोपऱ्यात महत्त्वाचे काही ठेवू नका आणि चिन्हावर अक्षरे घालण्याचा मोह टाळा, कारण नाव शेजारीच छापलेले असते. खेळ दुकानात लागल्यावर निवडीचे काम मित्रांवर सोडण्याची गरजही नाही. मूळ चित्रासमोर तीनपर्यंत पर्याय ठेवून, पाहणाऱ्यांना वेगवेगळे चित्र दाखवण्याची सोय गूगल प्लेच्या कन्सोलमध्ये आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला, चिन्ह आणि रुंद चित्र एकदम बदलू नका, आणि निदान पूर्ण आठवडा थांबा, कारण शनिवार-रविवारचे खेळणारे सोमवारच्या खेळणाऱ्यांपेक्षा वेगळे असतात.

तलवारबाजाविषयी मी अगदी स्पष्ट लिहिते : टाकू नका. २०२० साली ब्रिटनच्या जाहिरात-नियामक संस्थेने 'होमस्केप्स' आणि 'गार्डनस्केप्स' या खेळांच्या जाहिराती याच कारणासाठी दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. जाहिरातीत दाखवलेली कोडी प्रत्यक्ष खेळाशी फारशी जुळत नव्हती. तुमच्यासारख्या दोघा-तिघांच्या खेळाकडे कोणती संस्था वळून पाहणार नाही, हे खरे. परंतु तलवार पाहून आलेला माणूस पहिल्या मिनिटात रोपांना पाणी घालताना दिसला, की तो खेळ काढून टाकतो, जाता जाता एक तारा देतो, आणि ज्या माणसाला रोपांना पाणी घालणाराच खेळ हवा होता, तो तलवार पाहून तुमच्या पानावर येतच नाही. तुमच्या तीन चित्रांपैकी दुसरे, गच्चीवरच्या डब्यात उगवलेल्या एकाच मिरचीच्या रोपाचे, मी वर सांगितल्याप्रमाणे दोन सेकंद पाहिले आणि 'हे आपले आपण वाढणार आहे' असे मला लगेच वाटले. सुरुवात त्याच्यापासून करा. मात्र डब्यामागची शहराची इमारतींची रांग काढून टाका, आणि रोपाला आत्ता जी पाच मिरच्या लागलेल्या दाखवल्या आहेत, त्यांऐवजी एकच लाल मिरची आणि शेजारी एक न उमललेली पांढरी कळी ठेवा.